चोकेकिराव ट्रेक: चार दिवसांचं पॅकेज घेतलं, तिथेच चुकलो

पेरू देशातल्या माचू पिचूला जाऊन आलेले लोक आता डोंबिवलीत गल्लीगणिक सापडतात. तिथल्याच चोकेकिरावला गेलेलं मला अजून कुणी भेटलेलं नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

घाईत असाल तर एवढंच वाचा: जागेला पाचपैकी पाच. कुकला पाच. खेचरवाल्याला सहा. ज्या कंपनीचं पॅकेज घेतलं तिला अडीच, आणि त्यातला अर्धा त्यांच्या तंबूंना. तंबू खरंच चांगले होते.

मी छप्पन्न वर्षांची, बँकेतून व्हीआरएस घेतलेली, पंचवीसेक वर्षं सह्याद्रीत भटकलेली. डावा गुडघा कुरकुर करतो. बरोबर न्यू जर्सीत राहणारी माझी भाची, वय एकोणतीस, रोज जिमला जाणारी. तिला स्पॅनिश येतं, माझी गाडी 'ग्रासियास'वर थांबते. जून २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात गेलो. २४ तारखेला कुस्को शहरात इंती रायमी, म्हणजे त्यांचा सूर्याचा उत्सव पाहिला आणि २८ ला पहाटे निघालो. आपल्याकडे तेव्हा पाऊस, तिकडे कोरडा हिवाळा. मे ते ऑक्टोबर हाच तिथला ट्रेकचा मोसम.

चोकेकिराव हे इंकांचं डोंगरमाथ्यावरचं नगर, आपुरिमाक नदीच्या प्रचंड दरीच्या वर, साधारण ३,०५० मीटरवर. वर गाडीरस्ता नाही, रेल्वे नाही. रोपवेची घोषणा मात्र वर्षानुवर्षं होतेय. (आपल्या रायगडाला आहे, त्यांच्याकडे नाही, यावर मला उगाच बरं वाटलं. मग वाटलं, बरं का वाटावं?) माचू पिचूच्या इंका ट्रेलला रोज ५०० माणसांनाच सोडतात, त्यात हमाल आणि स्वयंपाकीही धरलेले, आणि फेब्रुवारीत तो बंदच असतो. इथे तसलं परमिट नाही. तुमचे पाय हेच परमिट.

सगळे उंचीला घाबरतात. आम्हीही डायमॉक्सच्या गोळ्या बांधून नेल्या होत्या. पण कुस्कोच मुळी ३,४०० मीटरवर आहे, म्हणजे चोकेकिरावपेक्षा उंच. तीन दिवस कुस्कोत काढले असतील तर विरळ हवेचा त्रास तिथेच होऊन जातो. या वाटेवर माणूस मरतो तो उतार-चढानं आणि उन्हानं. कापुलियोक हे सुरुवातीचं ठिकाण २,९०० मीटरच्या आसपास, तिथून नदीपर्यंत उतरायचं सुमारे १,५०० मीटरवर, आणि पलीकडे पुन्हा तेवढंच चढायचं. म्हणजे आपलं कळसूबाईचं टोक ज्या उंचीवर आहे, त्याच्याही थोडी खाली ही नदी वाहते. त्यामुळे तिथे बर्फ वगैरे नाही; तिथे आहे निवडुंग, फुफाटा आणि मे महिन्यातल्या नाणेघाटासारखं ऊन.

आता कंपनी. नाव लिहीत नाही, कारण मला भांडण नको आहे, लोकांनी शहाणं व्हावं एवढंच. माणशी ४८० डॉलर. गाडी पहाटे चारला येणार होती, आली पाच वाजून दहा मिनिटांनी. कुस्कोहून कापुलियोक पाच-एक तास लांब आहे, त्यामुळे हा तास पुढे भर दुपारच्या उन्हात फेडावा लागला. वाटेत कुराहुआसी नावाचं गाव लागतं, बडीशेपेसारख्या अॅनिसच्या शेतीसाठी प्रसिद्ध. गाडीची काच खाली केली तर मुखवासाचा वास.

कापुलियोकच्या कड्यावर उभं राहिलं की सगळा ट्रेक एका नजरेत दिसतो. हे वाईट आहे. समोरच्या डोंगरावर नखानं ओरखडे काढावेत तशी नागमोडी वाट दिसत होती. भाचीनं विचारलं, "ही कुठली वाट?" गाईड म्हणाला, "उद्याची."

उतरताना तो सारखा सांगत होता, आता पुढे सपाटी आहे. ही 'पेरूची सपाटी' म्हणजे थोडं वर, थोडं खाली, पुन्हा थोडं वर. मला हसू आलं. आपल्याकडे गडाच्या पायथ्याचे मामा सांगतात ना, "ह्यो काय, पल्याड टेकाड, हाकेच्या अंतरावर," आणि मग तीन तास हाका मारत बसायचं. डोंगरातली माणसं सगळीकडे सारखीच खोटं बोलतात, आणि प्रेमानंच बोलतात.

पहिला मुक्काम चिकिस्काला. तिथे आणि खाली नदीकाठच्या प्लाया रोसालिनाला बारीक माश्या आहेत. स्थानिक नाव पुमा वाकाची, म्हणजे प्यूमालासुद्धा रडवणारी. चावताना कळत नाही. रक्ताचा टाचणीएवढा ठिपका दिसतो, आणि खाज दुसऱ्या दिवशी सुरू होऊन आठवडाभर राहते. इथून नेलेल्या मलमाला त्यांनी भीक घातली नाही. उकडतंय म्हणून मी पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. तुम्ही दुमडू नका.

रात्री दोन शोध लागले. एक, माझ्या स्लीपिंग बॅगची चेन मध्यावरून तुटलेली. दोन, आम्ही शाकाहारी आहोत हे बुकिंगच्या वेळी तीनदा लिहून दिलेलं कुकपर्यंत पोचलेलंच नव्हतं. त्यानं प्रेमानं कोंबडी शिजवली होती. भाचीनं त्याला समजावलं, तेव्हा त्याचा चेहरा आपल्याकडे पाहुण्याला वाढताना भात कमी पडला की घरच्या बाईचा होतो तसा झाला. त्यानं पंधरा मिनिटांत किन्वाचं सूप आणि बटाटे केले. पुढचे तीन दिवस दर जेवणाआधी तो स्वतः येऊन बोट दाखवून दाखवून सांगायचा, यात काय काय आहे. चार वाजता कोका पानांचा चहा आणि ताजे पॉपकॉर्न. तंबूत, डोंगरात, गरम पॉपकॉर्न! या माणसाला पाच मार्क का दिले ते कळलं असेल.

दुसरा दिवस २९ जून. त्या वर्षी आषाढी एकादशी होती. मी काही कडक उपवासवाली नाही, पण आषाढी मोडवत नाही. कुकला म्हटलं, आज फक्त बटाटे आणि शेंगदाणे. त्याला काही विचित्र वाटलं नाही, मला मात्र वाटलं. कारण बटाटा मूळचा याच डोंगरातला. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचाच. माझ्या खाऊच्या पिशवीत कुस्कोहून घेतलेली किविचाची वडी होती. किविचा म्हणजे राजगिऱ्याची सख्खी बहीण, चव तंतोतंत आपल्या चिक्कीची. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोही या खंडातला. म्हणजे आमच्या आजीचा उपवासाचा अख्खा डबा इथून आलेला, आणि आजीनं पेरू हा शब्द फक्त फळापुरता ऐकलेला.

पहाटे साडेतीनला निघालो, डोक्यावर विजेऱ्या लावून. पूल ओलांडला तेव्हा अंधारात फक्त आपुरिमाकचा आवाज येत होता. नावाचा अर्थच बोलणारा देव: आपू म्हणजे डोंगरदेव, आणि रिमाक म्हणजे बोलणारा. पलीकडे माराम्पातापर्यंत सलग चढ, सुमारे १,४०० मीटर. माझा गुडघा चढताना कधीच तक्रार करत नाही, त्याला उताराचाच राग. पण सांता रोझाला, जिथे उसाचे वाफे बघून मला कोल्हापूर आठवलं, तिथे भाची बसली. पोट बिघडलेलं, वर ऊन. जिमची सगळी मेहनत उसाच्या बांधावर.

कंपनीच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत होतं, 'तातडीसाठी खेचर समाविष्ट'. तिथे कळलं की ते खेचर आहे, पण त्याच्यावर गॅसची टाकी आणि आमचे तंबू आहेत. माणूस बसवायचा तर वरच्या वस्तीतून दुसरं मागवायचं, १५० सोल (पेरूचं चलन), रोख. माझ्याकडे सुदैवानं होते. तुम्ही नक्की विचारा: समाविष्ट म्हणजे रिकामं खेचर, की सामानाखालचं?

खेचरवाला मात्र सोन्यासारखा. साठीचा असेल, पायात टायरच्या रबराच्या चपला, त्या तिकडे सगळे शेतकरी घालतात. ज्या वळणावर दरी पायाखाली यायची तिथे तो खेचर आणि दरीच्या मधून चालायचा, काठावरून, म्हणजे भाचीला खाली दिसू नये. तिनं नंतर सांगितलं, मावशी, मी डोळे मिटूनच होते. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं असं चालायला.

माराम्पाता म्हणजे चार-पाच घरांची वस्ती, तंबूसाठी केलेल्या पायऱ्या, एक दुकान. इंका कोला, म्हणजे त्यांचा बाटलीतला कोला, तिथे खालच्यापेक्षा दुपटीहून महाग, आणि का असू नये, खेचरावरून येतो तो. त्या दिवशी पेरूत सेंट पीटर आणि पॉलची सुट्टी होती, म्हणून लिमाच्या विद्यार्थ्यांचा एक घोळका आला होता. ते धरूनही वस्तीत पन्नासेक माणसं असतील. माचू पिचूला दिवसाला हजारोंनी जातात. रात्री एकादशीचा चंद्र, आणि दरीपलीकडे बर्फाची शिखरं दुधासारखी दिसत होती.

आता मुद्द्याचं. चार दिवसांच्या पॅकेजमध्ये चोकेकिरावला मिळतो अर्धा दिवस. तिसऱ्या दिवशी पहाटे माराम्पाताहून निघायचं, दीडेक तासात मुख्य चौकात, दुपारी एकला परत जेवायला, आणि त्याच दिवशी नदीपार चिकिस्का. कागदावर वाचताना लक्षात येत नाही. तिथे उभं राहिल्यावर रडू येतं.

कारण ही जागा पसरलेली आहे. अजून बराचसा भाग रानाखालीच आहे. वरचा चौक, खालचा चौक, धान्याची कोठारं, पाण्याचा दगडी पाट, आणि टेकडीचं डोकं कापून सपाट केलेला उस्नू. मला तर आधी तो बालेकिल्लाच वाटला, पण ती पूजाविधीची जागा. कुस्कोत पाहिलेले ते पातं न शिरणारे चिरे इथे नाहीत. इथला दगड पापुद्र्यांचा, घडवायला गेलं की फुटतो, म्हणून भिंती पातळ चिपांच्या आणि मातीच्या. मला उलट त्या जास्त ओळखीच्या वाटल्या. स्पॅनिशांविरुद्धच्या १५३६ च्या उठावानंतर इंकांचा राजा मांको इंका आणि त्याचे वारस ज्या विल्काबांबाच्या डोंगरांत १५७२ पर्यंत तग धरून राहिले, त्याच डोंगररांगेत हे आहे. माचू पिचू जगापुढे आणणारा अमेरिकन हायरम बिंगहॅम इथे १९०९ मध्ये आला, माचू पिचूच्या दोन वर्षं आधी, आणि त्याला इथे दगडांवर आधीच्या पाहुण्यांची नावं लिहिलेली सापडली, १८३४ सालापासूनची. म्हणजे गडावर नाव कोरून येणारे फक्त आपलेच नाहीत.

लामांच्या (बौद्ध भिक्षू नव्हे, तिकडचा उंटाच्या कुळातला प्राणी) पायऱ्या बघायला चौकापासून पश्चिमेच्या उतारावर बरंच खाली जावं लागतं. गाईड म्हणाला, वेळ नाही, वरून फोटो दाखवतो. मी म्हटलं, बाबा, मी डोंबिवलीहून फोटो बघायला आले नाही. भाची चौकात बसली, मी आणि तो गेलो. शेतीच्या उभ्या पायऱ्या, काळपट दगडांच्या, आणि त्या बांधांच्या भिंतीतच पांढरे दगड बसवून काढलेले लामा. एक खाली, एक वर, ओळीनं डोंगर चढताहेत असे. एका मोठ्याजवळ एक पिल्लू आहे. मी हात लावला नाही, पण तोंड अगदी जवळ नेऊन पाहिलं: लामाची मान म्हणजे एकावर एक ठेवलेले पाच-सहा पांढरे दगड, पाय म्हणजे दोन-दोन. आपल्या दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीतला मोर असतो ना, कमीत कमी रेघांत, तसा. या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हे झाडीखाली होते. तिथे मला मिळाली अठरा मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं, कारण गाईड दर पाच मिनिटांनी त्याचं बघत होता.

परत वर चढून, जेवून, १,४०० मीटर उतरून अंधारात चिकिस्का. गुडघ्यानं त्या दिवशी जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. चौथा दिवस नुसता चढ आणि गाडी.

परत आल्यावर कंपनीला मेल केला: चेन, जेवण, खेचर. खेचराच्या १५० सोलांबद्दल अवाक्षर नाही, पुढच्या ट्रेकवर दहा टक्के सूट मात्र देऊ केली. भाचीनं लगेच फोन केला, "मावशी, मग कधी?" मी म्हटलं, पाच दिवसांनी, दोन रात्री माराम्पाताला, आणि कंपनी नको, बसनं सरळ काचोऱ्याला, म्हणजे कापुलियोकच्या अलीकडच्या गावाला, उतरायचं आणि तो टायरच्या चपलांचा म्हातारा शोधायचा.