एलईडी हेडलाइट बल्ब, नऊ महिन्यांनंतर: समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून केलेले सगळे उद्योग

बल्ब टाकल्यावर पहिल्या आठवड्यात समोरून येणारे लोक मला सारखे डिपर मारायचे आणि मी गाडीत बसून चिडायचो, "अरे, लो बीमवरच आहे मी!" एकाला तर पटवून द्यायला म्हणून खरोखरचा अपर, म्हणजे हाय बीम, मारून दाखवला. आता आठवलं की कानकोंडं व्हायला होतं.

गाडी दहा वर्षांची हॅचबॅक आहे. दिव्यांत प्रोजेक्टर (झोत आखून देणारं भिंग) नाही, साधा चकचकीत रिफ्लेक्टर आणि त्यात एच४ बल्ब, म्हणजे लो आणि हाय बीम दोन्ही एकाच बल्बात. मूळचे हॅलोजन ६०/५५ वॅटचे होते आणि पिवळट, मरतुकडा उजेड द्यायचे. त्या मरतुकडेपणाचं खरं कारण पुढे कळलं, पण तेव्हा दोष सरळ बल्बच्या माथी मारला आणि ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाची, एलईडी जोडी बसवली. डब्यावर 'वीस हजार लुमेन' (लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) छापलं होतं. बल्ब तीस वॅटचा. वॅटला सव्वाशे लुमेन असे उदार होऊन धरले तरी हिशेब पावणेचार हजारांपुढे जात नाही. हे गणित विकत घेण्याआधी करायला हवं होतं.

बसवल्यावर मात्र खूश होतो. बॉनेटच्या पुढे दुधासारखा उजेड, कडेचं गवत पातं न पातं दिसतंय, घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की पैसे वसूल.

दीड महिन्याने धाकटा भाऊ माझी गाडी घेऊन मला न्यायला आला. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. लांबून एक गाडी आली, तिच्या दिव्यांकडे बघवेना. हात डोळ्यांवर धरला आणि तोंडातून एक शब्द गेला, जो इथे लिहीत नाही. गाडी माझ्यासमोर थांबली तेव्हा कळलं की ही आपलीच. नंबरप्लेट तर सोडाच, गाडीचा रंगसुद्धा दिसला नव्हता. एलईडी टाकलेल्या प्रत्येकाने हे एकदा करावं: दुसऱ्याला चालवायला द्यावं आणि आपण समोर उभं राहावं.

पुढचे साडेसात महिने हा घोळ निस्तरण्यात गेले. ज्या क्रमाने चुकत गेलो त्याच क्रमाने लिहितो.

पहिली चूक: दिवे खाली पाडले. हेडलाइटच्या मागचे स्क्रू फिरवून झोत इतका खाली आणला की डिपर मिळणं जवळपास बंद झालं. मी समाधानी. मग दोन रात्रींनी रस्त्यातला एक खड्डा अगदी पुढ्यात आल्यावर दिसला. घरी येऊन कागदावर मांडलं. माझा दिवा जमिनीपासून सुमारे ६५ सेंटिमीटरवर आहे. झोताची वरची कड १ टक्का उतरती ठेवली, म्हणजे १० मीटरला १० सेंटिमीटर, तर ती ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. मी ती ३ टक्क्यांवर नेली होती. म्हणजे उजेड संपतो २२ मीटरच्या आत. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच माझा उजेड संपत होता! दुसऱ्याचे डोळे वाचवले आणि स्वतःचे काढून ठेवले, असा प्रकार.

आणि फसवणूक अशी की गाडीत बसून हे जाणवत नाही. जवळचा रस्ता लख्ख झाला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. पण मेंदू म्हणतो, वा, काय उजेड आहे. 'नवीन बल्बने खूप दिसतं' हे माझं पहिल्या महिन्यातलं मत याच भ्रमातून आलं होतं.

मग भिंत गाठली. सपाट जमीन, १० मीटरवर मोकळी भिंत, टायरची हवा बरोबर, चालकाच्या जागी माणूस बसलेला, डॅशबोर्डवरचं लेव्हलचं चाक (दिव्यांचा झोत वर-खाली करणारं) ० वर. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर चिकटपट्टीने आखली, त्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी पट्टी. तुलनेसाठी एका बाजूला जुना हॅलोजन, दुसऱ्या बाजूला एलईडी. हॅलोजनची कड पट्टीवर स्वच्छ बसली, वर अंधार, खाली उजेड, आणि रस्त्याच्या कडेच्या बाजूला ती ओळखीची वर चढणारी तिरपी रेघ. एलईडीची कड अशी की जणू कोणी चुन्याचा हात ओल्या भिंतीवर पुसलाय. पट्टीच्या वर हातभर धुरकट उजेड आणि त्यात मध्येच दोन तेजस्वी डाग. ते डाग म्हणजे समोरच्या चालकाचे डोळे.

असं का होतं, हे एच४ ची रचना पाहिली की उलगडतं. हा बल्ब १९७१ पासून आहे आणि मला आता त्याच्याबद्दल आदर वाटतो. आत दोन फिलामेंट असतात. लो बीमचं फिलामेंट रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूच्या किंचित पुढे, आणि त्याच्या खाली एक पत्र्याची इवलीशी वाटी. वाटीमुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्यावर जातो. खालच्या अर्ध्या भागावर पडला असता तर तो आकाशाकडे आणि समोरच्याच्या तोंडावर गेला असता. त्या वाटीची एक कड १५ अंशांनी कापलेली असते, कडेची ती तिरपी रेघ तिच्यामुळे. सगळा कारभार एका बारीक तारेच्या जागेवर बेतलेला. त्या जागी पट्टीच्या दोन बाजूंना उजेड देणाऱ्या एलईडी चिप चिकटवलेला बल्ब आला, पट्टी दोन-तीन मिलिमीटर जाड असली, वाटी नावापुरती असली की रिफ्लेक्टरला कळतच नाही उजेड कुठून येतोय. तो त्याच्या परीने फेकत राहतो. उजेड किती आहे यापेक्षा तो कुठे जातोय हाच सगळा प्रश्न, आणि डब्यावर याबद्दल अक्षर नसतं.

माझ्या बल्बची कॉलर, म्हणजे बुडाची कडी, सैल करून फिरवता येत होती. चिप घड्याळातल्या तीन आणि नऊच्या दिशेला याव्यात अशी बसवली. गॅरेजवाल्याने त्या चांगल्या वीस अंश तिरक्या बसवल्या होत्या. मीही आधी मागचं कव्हर उघडून पाहिलं नव्हतं, तेव्हा बोलायला तोंड नाही. फिरवल्यावर एक डाग गेला, धूर थोडा कमी झाला. फुकटात होणाऱ्या कामांत हे पहिलं करावं.

त्यानंतर दिव्यांच्या काचा. काच म्हणायची सवय, असतं ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक, आणि ते उन्हाने पिवळं आणि धूसर होतं. धूसर काच म्हणजे पुढे लावलेला गाळण्याचा कपडाच. आत कितीही नेमका झोत असू दे, बाहेर पडताना तो चहूकडे पांगतो. १०००, २००० आणि ३००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून ओळीने मारला, मग कंपाउंड. नव्यासारख्या झाल्या. मात्र मी अतिशहाणपणाने वरचा यूव्ही थर (उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारा) द्यायचा टाळला. कारखान्यातला संरक्षक थर घासण्यात निघून जातो हे डोक्यात आलं नाही. तीन महिन्यांत पुन्हा पिवळी झाक. दुसऱ्यांदा घासून यूव्ही क्लिअर कोट मारला, तो अजून टिकून आहे. याच रात्री विंडशील्ड आतून पुसली आणि समोरच्यांचे दिवे मलाच कमी टोचायला लागले. प्लॅस्टिकच्या वाफांचा तेलकट थर आत साचतो, तो आपल्याला दिसत नाही, उजेड पडला की पसरतो.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी एलईडीची दुसरी जोडी घेतली. ४३०० केल्विनची, पातळ पट्टी, चिप हॅलोजनच्या तारेच्या जागी येतील अशा मापाच्या, नीट वाटी असलेली. फरक पडला, नाकारत नाही. कड बरीच सरळ झाली. निळसर छटा गेल्यामुळे समोरच्याला होणारा त्रासही कमी झाला असावा. तेवढ्याच उजेडात निळा भाग जास्त असला की डोळ्यांना तो अधिक बोचतो, हे मी कडेला उभं राहून अनुभवलं आहे. पावसातही ओला रस्ता आधीपेक्षा बरा वाचता यायला लागला. पण भिंतीवर पट्टीच्या वरचा धूर पूर्ण गेला नाही. शिवाय अपर मारला की झोत लांब जाण्याऐवजी नुसता वर उचलला जायचा. आणि रेडिओ लावला की दिवे चालू असेपर्यंत खरखर. ती बल्बला वीज पुरवणाऱ्या सर्किटच्या डबीमुळे, तिला 'ड्रायव्हर' म्हणतात. वायरीवर खरखर अडवणारं फेराइटचं कडं लावून निम्मी गेली.

फोनवरच्या लक्स, म्हणजे एका जागी पडणारा उजेड, मोजणाऱ्या अ‍ॅपवर माझा फार भरवसा नाही, पण एकाच फोनने, एकाच जागी, डोळ्यांच्या उंचीवर धरून केलेली तुलना चालते. पहिल्या एलईडीचा आकडा हॅलोजनच्या कितीतरी पट होता, दुसऱ्या जोडीचा साधारण दुप्पट. दुप्पट म्हणजे कमी झाला असं स्वतःला समजावून पाहिलं. जमलं नाही.

इथे एक सांगून टाकतो. सगळेच एलईडी बल्ब वाईट असं माझं म्हणणं नाही. ऑसरामच्या नाइट ब्रेकर एलईडीला २०२० मध्ये जर्मनीत रस्त्यावर वापरायची मान्यता मिळाली, पण तीही चाचणी झालेल्या गाड्यांच्या यादीपुरती. म्हणजे बल्ब आणि दिवा ही जोडी तपासली जाते, एकटा बल्ब नाही. आपल्या दिव्यात तो बल्ब कोणी तपासलेला नसेल तर तपासनीस आपणच, आणि साधन म्हणजे भिंत.

पाचव्या महिन्यात मल्टिमीटर हाती आला आणि सगळ्या प्रकरणाचं मूळ सापडलं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट, बल्बच्या सॉकेटवर १२.१. मधले १.८ व्होल्ट जुनी बारीक वायर आणि स्विच खात होते. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड जवळपास ३० टक्के घटतो. माझ्याकडे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उजेड वायरीतच मरत होता आणि मी बल्ब बदलत बसलो होतो!

ऑटो इलेक्ट्रिशियनकडून रिले हार्नेस, म्हणजे बॅटरीतून थेट दिव्यांना वीज देणारी वेगळी वायरिंग, टाकून घेतला. बॅटरीजवळ फ्यूज, जाड वायर, लो आणि हायला वेगळे रिले. जुना स्विच आता फक्त रिलेला इशारा देतो. सोबत साध्या ६०/५५ च्या चांगल्या हॅलोजनची नवी जोडी. तो म्हणाला, "साहेब, आता ९०/१०० वॅटचे टाका, बघा मजा." नको म्हटलं. तेवढ्या उष्णतेने होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टरचा मुलामा करपतो, मग कुठलाच बल्ब कामाचा नाही.

गेले चार महिने याच मांडणीवर आहे. उजेड पिवळसर आहे, फोटोत मिरवण्यासारखा नाही. पण कड पट्टीवर चोख बसते आणि १ टक्क्याच्या उतारावर साठेक मीटरपर्यंत खरंच दिसतं. अपर लावला की झोत लांब जातो. या चार महिन्यांत डिपर दोनदाच मिळाला. एकदा मी खरोखर अपरवर विसरलो होतो. तोटा सांगायचा तर पूर्ण व्होल्टेजवर हॅलोजनचं आयुष्य कमी होतं. एका बाजूचा बल्ब गेल्या आठवड्यात गेला, आता एक जादाचा डॅशबोर्डच्या खणात असतो.

दुसऱ्या डिपरने मात्र अजून पिच्छा सोडलेला नाही. त्या रात्री मागे तिघं आणि डिकी सामानाने गच्च होती, त्यामुळे गाडीचं नाक वर. अशा वेळी लेव्हलचं चाक २ वर न्यायचं असतं, आणि मी ते नेलंही होतं. घरी आल्यावर सामान न उतरवता गाडी भिंतीसमोर लावली. डावा दिवा शहाण्यासारखा खाली आला, उजवा जागच्या जागी. त्या बाजूची लेव्हलिंग मोटर बंद आहे. सुटा भाग मागवला आहे. तो बसेपर्यंत गाडी भरलेली असली की उजवा दिवा आधीच स्क्रूने खाली घेतो आणि परत आल्यावर पुन्हा भिंतीसमोर उभा राहतो.