जुन्या संगणकावर इंकस्केप ०.९२: सोलापुरातील छपाईच्या कामाचा अनुभव

आमच्या नवी पेठेतील छोट्या छपाईच्या दुकानातील संगणकावर अजूनही विंडोज एक्सपी आहे, आणि इंकस्केप या रेखाचित्रे व आराखडे बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या १.० आवृत्तीपासून एक्सपी व व्हिस्टा या प्रणालींचा आधार काढून घेतल्यामुळे नवी आवृत्ती त्यावर चालणे शक्यच नव्हते. म्हणून मी ०.९२ मालिकेतील ३२ बिटची आवृत्ती निवडली. ती विनाअडथळा बसली. सॉफ्टवेअर मोफत व मुक्त परवान्याचे असल्याने जुनी आवृत्ती वापरताना चोरीच्या प्रतीचा आधार घ्यावा लागला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

सोलापुरात एकाच लग्नपत्रिकेवर मराठी, कन्नड आणि तेलुगू असा मजकूर मागणारी घरे अनेक आहेत. मंगल, तुंगा आणि गौतमी हे एक्सपीसोबत येणारे युनिकोड फाँट वापरून तिन्ही लिप्यांतील जोडाक्षरे नीट उमटली, तेव्हा मनापासून आनंद झाला.

मात्र ०.९२ पासून मूळ रिझोल्यूशन ९० वरून ९६ डीपीआय (दर इंचातील बिंदूंची संख्या) झाले आहे. त्यामुळे त्याआधीच्या आवृत्तीत केलेली फाइल उघडताना मापाविषयी विचारला जाणारा प्रश्न न वाचता पुढे गेल्यास पत्रिकेचे माप बिघडते. छपाईसाठी लागणारी सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळा व काळा या चार शाईंच्या) रंगपद्धतीची फाइल यातून थेट निघत नाही, ही त्याहून मोठी उणीव आहे. बारीक नक्षी असलेली बॉर्डर हलवताना संगणक मंदावतो. तसेच एक्सपीला २०१४ पासून सुरक्षा अद्यतने मिळत नसल्याने तो संगणक मी इंटरनेटपासून पूर्णपणे तोडला असून फायली पेनड्राइव्हनेच आणतो.