जुना डॅडो सेट घेताना मी कसा फसवला गेलो

गेल्या फेब्रुवारीत मी 180 डॉलर देऊन एक जुना डॅडो सेट, म्हणजे लाकडात रुंद खोबण पाडायच्या करवती पात्यांचा संच घेतला. तिसऱ्या दिवशी त्यातल्या एका पात्याचा कार्बाइडचा (फार कठीण पदार्थाचा) दात निखळला आणि सणसणत माझ्या डोक्याजवळून जाऊन मागच्या भिंतीत रुतला. मला काही झालं नाही. त्या वेळी माझी नववीतली मुलगी गॅरेजच्या दारात उभी होती, आणि ती दोन पावलं आत आली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून डोक्यातून जात नाही. अमेरिकेत राहून हौसेने सुतारकाम करणारे बरेच मराठी लोक आता ओळखीचे झालेत, आणि त्यातले बहुतेक जण माझ्यासारखीच जुनी हत्यारं शोधत असतात. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

मी ओहायोत कोलंबसजवळ राहतो. आमच्या भागातल्या रविवारच्या मराठी शाळेत पुस्तकं खोक्यांत पडून होती. त्यांच्यासाठी भिंतभर लांबीचं कपाट करून द्यायचं मी कबूल केलं होतं. पुस्तकांचं वजन फार असतं. फळ्या नुसत्या स्क्रूवर टेकवल्या तर हळूहळू स्क्रू ढिले होतात. उभ्या बाजूला आडवी खोबण पाडून तिच्यात फळी बसवली की सगळं वजन लाकूड पेलतं. अशा खोबणीलाच इथे डॅडो म्हणतात, आणि ती टेबल सॉवर (टेबलात बसवलेल्या फिरत्या करवतीवर) एका फेरीत पाडण्यासाठी डॅडो सेट असतो.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी: 10 इंची टेबल सॉवर साधारण 8 इंची सेट लावतात. बाहेरच्या बाजूंना दोन गोल पाती आणि त्यांच्यामध्ये दोन-चार दातांचे चिपर. बाहेरची पाती खोबणीच्या दोन्ही कडा स्वच्छ कापतात, चिपर मधलं लाकूड उकरून काढतात. दोन पाती मिळून पाव इंच, पुढे प्रत्येक चिपरमागे 1/8 इंच रुंदी वाढत जाते. त्याहून बारीक फरक पातळ चकत्या (शिम) घालून साधायचा. इथलं पाऊण इंची म्हणून विकलं जाणारं प्लायवूड प्रत्यक्षात बहुतेक वेळा 23/32 इंचच भरतं, म्हणून बऱ्याच सेटमध्ये एक चिपर 3/32 इंचाचा देतात. दोन पाती, तीन पूर्ण चिपर आणि हा एक बारका, की बरोबर 23/32. मला नेमकी हीच जुळणी हवी होती.

नवा चांगला सेट महाग वाटला, म्हणून जुन्या वस्तूंच्या जाहिराती बघायला लागलो. तासाभराच्या अंतरावर एक माणूस नामांकित कंपनीचा सेट विकत होता. 'एकदाच वापरलेला, नुकतीच धार लावलेली.' फोटोत लाकडी पेटी, आत प्रत्येक पात्यासाठी कप्पा. मी गेलो. साठीच्या पुढचे गृहस्थ, बोलायला मऊ. त्यांच्या गॅरेजमध्ये भिंतीवर हत्यारं इतकी नीट लावलेली होती की मी अर्धा विश्वास तिथेच टाकला. हात दुखतात, आता काम होत नाही, असं म्हणाले. धार लावल्याची पावतीही दिली. त्या पावतीवर सेटचं वर्णन नव्हतं, नुसती रक्कम आणि तारीख होती. हे मला घरी आल्यावर दिसलं.

मग त्यांनी चालवून दाखवला, आणि खरी लबाडी इथे होती. त्यांनी दोन पाती आणि एकच चिपर लावला, म्हणजे 3/8 इंच. कापायला घेतला एमडीएफचा (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीचा) तुकडा, खोली जेमतेम 3 मिलिमीटर. खोबण आरशासारखी आली. एमडीएफला लाकडासारखे तंतू नसतात, वर व्हिनियरही (लाकडाचा पातळ थर) नसतं. बोथट पात्यानेही त्याच्या कडा फारशा उडत नाहीत. आणि चारातला कोणता एक चिपर लावायचा हे त्यांनी ठरवलं होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं की सगळे चिपर लावा आणि माझ्यासोबत आणलेल्या प्लायवूडवर, तंतूंना आडवं कापा. प्लायवूडचा तुकडा माझ्या गाडीत होता. समोरचा एवढा सभ्य, त्याच्यावर शंका कशी घ्यायची म्हणून मी तो बाहेर काढला नाही. पैसे मागितले ते मित्रांना आणि नातेवाइकांना पाठवायच्या ॲपवर. एकदा गेलेले पैसे तिथून परत येत नाहीत, हे माहीत असूनही पाठवले.

घरी पूर्ण सेट चढवून बर्चच्या प्लायवूडवर पहिली खोबण पाडली. दोन्ही कडांना वरचं व्हिनियर उपसून निघालं होतं. तळाला दोन्ही बाजूंनी खोल रेघा आणि मध्ये उंच पट्टा. फळी बसवली की त्या पट्ट्यावर डुलायची. विक्रेत्याला फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "अहो, ते बॅट इअर्स आहेत, प्रत्येक डॅडो सेटला येतात." यातलं अर्धं खरं आहे, म्हणून मी गप्प बसलो. बाहेरच्या पात्यांचे दात टोकाला तिरपे घासलेले असतात, त्यामुळे तळाच्या दोन्ही कोपऱ्यांत केसाएवढी रेघ उमटते. चांगल्या सेटमध्ये ती बघावी लागते, फळी आत बसली की दिसतही नाही. माझ्या खोबणीतला फरक नखाला अडकत होता. पण त्यांनी शब्द बरोबर वापरला होता, आणि माहीतगार माणसासमोर आपण अडाणी ठरू नये म्हणून मी मान डोलावली. फसवणाऱ्याच्या तोंडी धंद्यातला खरा शब्द असला की आपली शंका लगेच विरते.

दोन दिवस शिम बदलून, चिपर फिरवून पाहिलं. चिपर लावताना त्याचे दात शेजारच्या पात्याच्या दातांमधल्या मोकळ्या जागेत यावे लागतात, कारण दात चकतीपेक्षा रुंद असतात. दातावर दात आला तर कार्बाइड तिथेच फुटतं. हे सगळं मी काळजीपूर्वक करत होतो. तिसऱ्या दिवशी एक खोबण संपत आली, पात्यांचा वरचा भाग उघडा पडला आणि 'टण्' असा आवाज झाला. वर आलेले दात चालवणाऱ्याच्या दिशेनेच फिरत असतात, म्हणजे सुटलेला दात येतोही आपल्याच अंगावर. डॅडो लावताना गार्ड आणि पात्यामागची रायव्हिंग नाइफ (कापलेली चीर उघडी ठेवणारी पट्टी) दोन्ही काढावी लागतात. तेव्हा मध्ये आडोसा काहीच नसतो. इथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजाप्रमाणे टेबल सॉच्या पात्याने जखमी होऊन दवाखान्यात येणाऱ्यांची संख्या वर्षाला 30,000 च्या आसपास आहे. हा आकडा मी आधीही वाचला होता. भिंतीत रुतलेला तो दात पक्कडीने उपसून काढताना त्या आकड्याचा अर्थ पहिल्यांदा कळला.

सेट घेऊन शहरातल्या पाती धार लावणाऱ्याकडे गेलो. त्याने काहीही न विचारता सगळी पाती काचेवर मांडली, व्यास मोजायचा कॅलिपर घेतला आणि आकडे खडूने लिहीत गेला. बाहेरची दोन पाती 202.6 मिलिमीटर. दोन चिपर जवळपास तेवढेच. उरलेले दोन 200.8. व्यासात 1.8 मिलिमीटरचा फरक, म्हणजे खोबणीच्या तळात जवळजवळ 1 मिलिमीटरची पायरी. हे दोन चिपर दुसऱ्याच कुठल्या तरी सेटचे होते, अनेकदा धार लावून झिजलेले. मग त्याने चिपरवर सॉल्व्हंटचं फडकं फिरवलं. काळा रंग फडक्याला लागला. कंपनीच्या लेपासारखा दिसणारा तो साधा स्प्रे होता. खाली ग्राइंडरचे ओरखडे, जिथे कंपनीचं नाव आणि जास्तीत जास्त आरपीएम (मिनिटाचे फेरे) कोरलेलं असतं नेमकं तिथेच. दाताजवळ लोखंड निळं पडलेलं. दात चकतीला चांदीच्या मिश्रधातूने डाग देऊन बसवतात. कुणीतरी घरीच गॅसच्या ज्योतीवर निखळलेले दात परत चिकटवले होते आणि त्या उष्णतेने चकती वाकलीही होती. त्याने धार लावायला साफ नकार दिला. म्हणाला, "याला मी हात लावला तर उद्याच्या अपघातात माझाही वाटा असेल." तपासणीचे पैसेही घेतले नाहीत.

त्याच्याकडून त्या अर्ध्या तासात जे शिकलो तेच आता कुणीही विचारलं तर सांगतो. प्रत्येक पात्यावर त्याच कंपनीचं नाव आणि आरपीएमची मर्यादा कोरलेली दिसली पाहिजे, चिपरवरसुद्धा. नाव बाहेरच्या पात्यांवरच असेल तर सेट वेगवेगळ्या सेटमधून गोळा केलेला असू शकतो. सगळी पाती भोकात सैल न राहणाऱ्या गोल दांड्यावर ओवून, चिपरचे दात खाली करून सपाट टेबलावर उभी टेकवा. आखूड चिपर टेबलाला टेकणारच नाही, उजेड दिसेल. एकेक पातं काचेवर ठेवून कडेला बोटाने दाबा. डुललं तर वाकलंय. दात भिंगातून बघा. बारीक तडा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि कार्बाइड पुढून किती जाड उरलंय त्यावरून आणखी किती वेळा धार लागेल ते समजतं. दाताभोवती निळसर झाक किंवा ताजा रंग दिसला तर पुढे काही विचारूच नका, निघा. आपल्या सॉचं आर्बर (पाती बसवायचा दांडा) किती लांब आहे तेही आधी मोजून घ्या, कारण सगळे चिपर लावल्यावर नटाचे पूर्ण आटे बसले पाहिजेत. छोट्या, उचलून न्यायच्या सॉमध्ये बऱ्याचदा ते बसत नाहीत, आणि विकणारा हे आपणहून सांगत नाही.

हे ऐकून पुण्यातल्या माझ्या मावसभावाने लगेच विचारलं, "दादा, मला इथे ऑनलाइन एक स्वस्त दिसतोय, घेऊ का?" त्याच्या मशीनचं आर्बर 30 मिलिमीटरचं. अमेरिकेतल्या सेटचं भोक 5/8 इंच, म्हणजे 16 मिलिमीटरपेक्षा किंचित कमी. तो बसणारच नाही. भोक मोठं करून देतो म्हणणारे असतात, पण हाताने मोठं केलेलं भोक मध्यावर राहत नाही, मग सगळा सेट हेलकावतो. त्याहून भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची: त्या जाहिरातीत मार्बल कटरचा फोटो होता. टेबल सॉ मिनिटाला 4,000 च्या आसपास फेरे घेतो, मार्बल कटर 10,000 च्या वर. तसल्या हातातल्या मशीनला डॅडो लावणं म्हणजे मरण ओढवून घेणं. खोबणीसाठी राउटर (खोबण उकरायचं हातातलं मशीन) आणि त्याचं सरळ बिट, म्हणजे सरळ पातं वापर, सरळ फळी क्लॅम्प करून तिच्या आधाराने दोन-तीन फेऱ्यांत पाड, असं त्याला सांगितलं. वेळ जास्त लागतो, एवढंच. शाळेच्या कपाटाच्या सगळ्या खोबणी मीही शेवटी तशाच पाडल्या.

विक्रेत्याला धारवाल्याने लिहिलेल्या आकड्यांचे फोटो पाठवले. उत्तर आलं नाही, नंतर नंबर ब्लॉक झाला. जाहिरातीतलं नावही खरं नसावं. ओहायोत 6,000 डॉलरपर्यंतचा दावा लहान दाव्यांच्या कोर्टात स्वतः लावता येतो, पण दावा कुणाच्या नावाने लावू? फेडरल ट्रेड कमिशनच्या फसवणूक नोंदवायच्या साइटवर तक्रार केली आणि जिथे जाहिरात होती तिथेही केली.

मित्र म्हणाले, दोन पाती तर चांगली आहेत, तेवढी तरी विकून टाक. मी सहाही पात्यांचे दात छिन्नीने उडवले, चकत्या कापून दोन-दोन तुकडे केले आणि भंगारात टाकले. गेल्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव दुसरं, किंमत 165 डॉलर, लाकडी पेटी तीच, आणि खाली तेच वाक्य: 'एकदाच वापरलेला, नुकतीच धार लावलेली.' मी पुन्हा तक्रार नोंदवली आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी मध्य ओहायोत तो सेट बघायला जाणार असेल, तर सोबत प्लायवूडचा तुकडा, भिंग आणि कॅलिपर न्या, आणि चारही चिपर लावून दाखवायला सांगा.