ग्लासातला गाळ आमच्या पाण्याचा नव्हता

गेल्या उन्हाळ्यात दुपारी बेल वाजली. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला बॅग. "काकू, पाण्याची फुकट तपासणी आहे, पाचच मिनिटं."

त्याने दोन ग्लास मागितले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं 'आरओचं', म्हणजे पाण्यातले क्षार काढून टाकणाऱ्या मशीनचं. मग चार सळयांचं एक यंत्र दोन्हींत बुडवून प्लग लावला. मिनिटा-दोन मिनिटांत आमचं पाणी हिरवट, मग तपकिरी, आणि वर घाणेरडा तवंग. त्याचं पाणी नितळच. "आजी, हे तुमच्या नातवाच्या पोटात जातंय." सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि माझी अक्कल तिथेच गहाण पडली. मशीन साडेअठरा हजारांचं, पैकी दहा हजार जागेवर दिले.

दिवाळीत भाऊ आला. तो ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. सगळं ऐकून आधी हसला, मग दोन लोखंडी खिळे आणि मुलाच्या खेळण्यातली नऊ व्होल्टची बॅटरी मागितली. खिळे बॅटरीला जोडून आमच्या नव्या मशीनच्या पाण्यात सोडले, काही झालं नाही. मग त्यात चिमूटभर मीठ टाकलं. थोड्याच वेळात तोच हिरवट-तपकिरी गाळ! तो गाळ पाण्यातला नव्हताच, खिळ्याचं लोखंड झिजून उतरत होतं. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजतं. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून ते नितळ राहतं. एवढीच काय ती जादू.

आम्ही पुण्यात राहतो, नळाला खडकवासल्याचं पाणी. भावाने मीटर लावला तर टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला नव्वद मिलिग्रॅमच्या आत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चालतं. म्हणजे आरओची गरजच नव्हती. बरं, टीडीएस मीटर जंतू दाखवत नाही, फक्त विरघळलेले क्षार मोजतो. पावसाळ्यात गढूळ पाण्याची भीती वाटते तर गाळून उकळा, किंवा यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा, फिल्टर घ्या. बोअरवेल किंवा टँकरवर असाल तर गोष्ट वेगळी, तिथे आरओ लागू शकतो. पण आधी पाणी प्रयोगशाळेत तपासा, विकायला आलेल्याकडून नको.

आमचं मशीन लिटरभर पाणी देताना तीनेक लिटर बेसिनमध्ये सोडतं. सासूबाई त्याखाली बादली लावतात आणि त्या पाण्याने फरशी पुसतात. तीन महिन्यांत 'मेंब्रेन (आतली गाळणी) गेलं' म्हणून आणखी पैसे मागितले. नाही म्हटल्यावर फोन उचलणं बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

परवा खालच्या मजल्यावर तोच आवाज. "काकू, पाचच मिनिटं." मी मिठाची बरणी घेऊन खाली उतरले. म्हटलं, "तुझ्या बाटलीतल्या पाण्यात हे चिमूटभर टाक बघू." त्याने एकदा बरणीकडे पाहिलं आणि वायर गुंडाळायला घेतली.