कॉलेज स्ट्रीटचं कॉफी हाऊस, कोलकाता : वेळ काढूनच जा

कोलकात्याला गेलात तर कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाऊसला नक्की जा, पण हाताशी दोन तास असतील तरच. जुन्या पुस्तकांच्या स्टॉल्समधून वाट काढत जिना चढला की उंच छताचा मोठा हॉल, लांब दांड्यांचे पंखे, भिंतीवर टागोर आणि पांढऱ्या फेट्यातले वेटर. १९४२ साली कॉफी बोर्डाने सुरू केलेलं, आता कामगारांची सहकारी सोसायटी चालवते. इन्फ्युजन मागवा, म्हणजे कोरी कॉफी, आणि चिकन कबिराजी, अंड्याच्या जाळीत तळलेलं कटलेट, मस्तच.

पण खरी मजा गप्पांची. रिकामं टेबल नव्हतं म्हणून एका टेबलावर सरकून बसलो, तिथे एक आजोबा आणि कॉलेजमधली दोन मुलं, विषय ट्रामचा. १८७३ पासूनची ट्राम आता सरकार जवळजवळ बंदच करायला निघालंय ना, त्यावरून जुंपलेली. मुलगा म्हणत होता रस्ते आधीच अरुंद, ट्राममुळे सगळं अडतं. आजोबा ट्रामने शाळेत जायचे त्या गोष्टी सांगत होते, तर मुलगी म्हणाली गोष्ट छान आहे पण तुमच्या आठवणींसाठी आम्ही का ताटकळायचं. मग मला विचारलं, तुमच्या मुंबईत काय झालं? मी सांगितलं, ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली, माझे आजोबा ती बघायला रस्त्यावर उभे होते, आणि अजूनही आम्ही दादर टीटीच म्हणतो, टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुलाने लगेच विचारलं, मग ट्रॅफिक कमी झालं का?

मी गप्प. त्याच टीटीच्या सिग्नलला रोज अडकते मी, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तिथून वाद फिरला, ट्राम हवी की नको हे राहिलं बाजूला आणि रस्ता नेमका अडवतंय कोण, पार्किंग किती जागा खातं हे सुरू झालं, आजोबा तर बिलाच्या मागे पेनाने रस्ता काढायला लागले. मुलाचं मत शेवटपर्यंत बदललं नाही, पण ट्रामनंतर ती जागा गाड्यांना द्यायची नाही, बसला द्यायची, असं तोच म्हणायला लागला.

आणि एवढ्या वेळात आम्हाला कुणी उठवलं नाही. बंगाली लोक अशा गप्पांना अड्डा म्हणतात, त्याला असा न हाकलणारा वेटर लागतोच.

पुढच्या वेळी मी एकटीच जाणार, म्हणजे अनोळखी टेबलावर बसता येईल.