कोम्पासियाना: इंडोनेशियन विसरायची नसेल तर रोज इथे वाचा

इंडोनेशियन थोडीफार येते, आता ती विसरायची नाही, तर रोज वाचायचं काय? हा प्रश्न मला बरेचदा विचारला जातो. विचारणारे बहुतेक आमच्यासारखेच. घरातलं कुणीतरी तिकडच्या सूतगिरणीत नोकरीला, काही वर्षं पश्चिम जावात संसार, मग परत मुलुंड नाहीतर ठाणे. आम्ही पुर्वाकार्ताला होतो. तिथे मी भाषा शिकले ती बाजारात आणि शेजारणींच्या ओट्यावर, पुस्तकातून नाही. त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे: कोम्पासियाना उघडा.

कुणीही खातं काढून लिहावं, असं हे ब्लॉगांचं ठिकाण. 'कोम्पास' हे 1965 पासूनचं जकार्ताचं मोठं दैनिक, त्यांच्या समूहाने ते 22 ऑक्टोबर 2008 ला सुरू केलं. नाव घेतलं दैनिकाचे एक संस्थापक पी. के. ओजोंग यांच्या जुन्या सदराचं. सुरुवातीला इथे पत्रकारच लिहीत, पण लवकरच ते सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि त्यातच त्याचा जीव आहे.

काळही तसाच होता. आदल्याच वर्षी 27 ऑक्टोबरला जकार्तात 'पेस्टा ब्लॉगर' नावाचा मेळावा भरला होता आणि माहिती खात्याचे मंत्री मुहम्मद नूह यांनी तो दिवस राष्ट्रीय ब्लॉगर दिन म्हणून जाहीर केला. गावोगावच्या ब्लॉग लिहिणाऱ्यांनी आपापली मंडळं काढली: जोगजाचं (म्हणजे योग्यकार्ता शहराचं) चाह आंडोंग, मकास्सारचं आंगिंग माम्मिरी, पालेम्बांगचं वोंग कितो. घरी कुणी जावानीज बोलतं, कुणी सुंदानीज, कुणी बुगिस. देशात 700 च्या वर भाषा आहेत. पण लिहायला बसले की सगळे इंडोनेशियनमध्ये लिहितात, म्हणजे आचेच्या माणसाचं फ्लोरेसच्या माणसाला कळतं. बहुतेकांची ही घरची भाषा नाही, शाळेत शिकलेली आहे. म्हणून वाक्यं सरळ असतात, आणि आपल्यासारख्या परक्या वाचकाला ते फार सोयीचं पडतं.

आता सेवा म्हणून ती कशी आहे ते सांगते. वाचायला पैसे लागत नाहीत, खातंही लागत नाही. लेखकाच्या नावापुढे हिरवी खूण असेल तर त्याने ओळखपत्र देऊन स्वतःची खात्री पटवलेली असते. निळी खूण संपादक देतात, सातत्याने चांगलं लिहिणाऱ्यांना. चांगल्या लेखांवर 'पिलिहान', म्हणजे निवडक, असा शिक्का बसतो आणि त्यातलेही उत्तम ते 'आर्तिकेल उतामा' म्हणून वर येतात. लेखकांच्या पायऱ्याही आहेत, देबुतानपासून (नवशिका) माएस्त्रोपर्यंत (उस्ताद). मला या पायऱ्यांचं विशेष काही वाटत नाही, पण संपादकांची निवड मात्र मनापासून आवडते. कुणीतरी बसून वाचलंय, नुसतं यंत्राने वर ढकललेलं नाही, हे लगेच जाणवतं.

खुणांचं महत्त्व तिकडे जास्तच आहे. 2008 च्या इंटरनेट कायद्यात बदनामीचं कलम आहे. इस्पितळाबद्दलची तक्रार ई-मेलने मैत्रिणींना कळवली म्हणून एका आईला 2009 मध्ये तुरुंगात राहावं लागलं. पुढे तिला भरपाई भरायला सांगितली तेव्हा देशभरातून लोकांनी तिच्यासाठी नाणी जमवली, ब्लॉगवाले त्यात पुढे होते. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष ठरवलं. हे ठाऊक असलं की स्वतःचं नाव, गाव देऊन लिहिणाऱ्या माणसाबद्दल आदर वाटतो.

मला इथे सर्वात जास्त काय मिळालं, तर टेम्पे, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली तिकडची वडी. पूर्व जावातल्या मलांगकडच्या एका घरात तीन पिढ्या टेम्पे करतात, त्या घरातल्या मुलाचा लेख होता. सोयाबीन उकडायचं, रात्रभर भिजवायचं, पायाने तुडवून सालं काढायची, पुन्हा उकडायचं, पसरून कोरडं करायचं, मग विरजण भुरभुरवून केळीच्या पानात नाहीतर टोचे मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायचं. इतकं तर कुठेही वाचायला मिळतं. त्याने पुढे लिहिलं होतं ते हिशेबाचं. सोयाबीन बहुतेक बाहेरून येतं, जास्त करून अमेरिकेतून. तिथला भाव चढला की इकडे गिऱ्हाईक जास्त पैसे द्यायला तयार नसतं, मग वडी पातळ होते. त्याची आई पातळ वडी देताना गिऱ्हाइकाकडे बघत नाही, असं त्याने लिहिलं होतं. जानेवारी 2021 च्या पहिल्या तीन दिवसांत जकार्ता आणि आसपासच्या टेम्पेवाल्यांनी उत्पादनच बंद ठेवलं होतं. ती बातमी मी वाचली होती, पण त्यामागचं घर मला या लेखात दिसलं.

मी लेखाखाली विचारलं, मुंबईत पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते, तिथे टेम्पे कसं करावं? लेखकाने उत्तर दिलं, आणि आणखी दोघीतिघींनी. दाणे फडक्यावर टिपून कोरडे करा, हाताला ओल लागता कामा नये. पुड्या एकावर एक रचू नका, जाळीवर ठेवा, खालून वारा लागू दे, कारण बुरशी वाढताना पुडी स्वतःच तापते. वर काळे ठिपके आले तर घाबरू नका, बुरशी पिकल्याची ती खूण आहे. विरजण मला जुन्या शेजारणीने पाठवलंय, सोयाबीन आमच्या वाण्याकडचं. श्रावणात सुद्धा पांढरंशुभ्र, घट्ट टेम्पे होतं माझ्याकडे आता.

ईदच्या आधी मुडिकचे, म्हणजे सणाला गावी जाण्याचे, लेख जरूर वाचा. गणपतीला चाकरमानी कोकणात जातात तसंच अख्खं जकार्ता गावी निघतं. बोटी, बस, मोटरसायकली, आणि प्रत्येकाकडे एक हकीकत. रमजानमध्ये रोज लिहिण्याचे उपक्रमही चालतात, तेव्हा घरगुती लेखांची चंगळ असते.

उणीव सांगायची तर, वाचकसंख्येवर मानधन देण्याची 'के-रिवॉर्ड्स' ही पद्धत मला पटत नाही. लिहिणाऱ्याच्या ई-वॉलेटमध्ये चार पैसे पडतात हे चांगलंच, पण त्यामुळे चालू विषयावर घाईने लिहिलेल्या लेखांचा ढीग पडतो. निवडणुकीच्या दिवसांत राजकारणाखेरीज काही शोधायचं म्हणजे चिकाटी लागते. आणि हे बातम्यांचं ठिकाण नव्हे. मजकुराची जबाबदारी ब्लॉग लिहिणाऱ्याची, 'कोम्पास'च्या संपादकांची नाही, असं लेखाबरोबर छापलेलंच असतं. ते गंभीरपणे घ्या, विशेषतः औषधपाण्याच्या बाबतीत.

भाषा अजिबात येत नसेल तर ब्राउझरचं भाषांतर चालेल, पण मध्येच जावानीज शब्द आले की ते गडबडतं. थोडी येत असेल तर भाषांतर बंदच ठेवा. लिपी रोमन आहे, उच्चार लिहिल्याप्रमाणे आहेत, हळूहळू जमतं. लांब लेख पानापानांत तोडलेले असतात. खालचं 'लिहात सेमुआ' दाबलं की सगळा एकत्र दिसतो. सुरुवात खाण्याच्या आणि प्रवासाच्या विभागांपासून करा, मग समाज-संस्कृतीचा 'हुमानियोरा'. कथा-कवितांचा 'फिक्सियाना' विभाग नंतर; कवितेतली इंडोनेशियन मला अजून जड जाते.