सॅलिसिलिक ॲसिड पावडर: भुरीला चालली, करप्याला नाही

जुन्नर तालुक्यात आमचा २० गुंठे टोमॅटो आहे. ऑक्टोबरच्या लागवडीसाठी कृषी सेवा केंद्रातून सॅलिसिलिक ॲसिडची १०० ग्रॅमची डबी आणली, १८० रुपयांना. डबीवर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘सर्व रोगांवर एकच उपाय’. पावडरीबद्दल माझं काही म्हणणं नाही. तक्रार आहे ती या ओळीची.

पावडर पांढरीशुभ्र, कोरडी. थेट पाण्यात टाकली की तळाशी बसते. आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवायची, मग ढवळत ढवळत पाण्यात ओतायची. हे डबीवर कुठेच नाही. १५ लिटरच्या पंपाला मी दीड ग्रॅम घेतली, म्हणजे १०० पीपीएम (दहा लाख भागांत शंभर). एकदा वजनकाट्याशिवाय, चमच्याने टाकली आणि त्या ओळीतल्या पानांच्या कडा जळाल्या.

सहा ओळी फवारल्या, शेजारच्या सहा तशाच ठेवल्या. दहा-दहा दिवसांनी तीन फवारे. थंडी पडल्यावर भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारी बुरशी, आली ती कोऱ्या ओळींत आधी आली, आणि दाट. फवारलेल्या ओळींत खालच्या पानांवर तुरळक. करप्याची, म्हणजे पानं करपवणाऱ्या बुरशीच्या डागांची, वलयं मात्र दोन्हीकडे सारखीच.

याचं कारण आहे. ही पावडर बुरशीनाशकासारखी काम करत नाही. सॅलिसिलिक ॲसिड हे झाडाचं स्वतःचंच संजीवक, म्हणजे हार्मोन. एका पानाला रोग लागला की ते वाढतं आणि बाकीची पानंही सावध होतात. १९७९ साली इंग्लंडमध्ये तंबाखूच्या पानांत ॲस्पिरिन टोचलं, तर मोझॅक विषाणूचे डाग कमी पडले. ॲस्पिरिन याच्याच घरातलं. १९९० साली तंबाखू आणि काकडीत दिसलं की रोग लागल्यावर झाड ते आपणच बनवतं. पण हा बचाव मुख्यतः जिवंत पेशींवर जगणाऱ्या रोगांसाठी आहे: भुरी, विषाणू. करप्याची बुरशी पेशी आधी मारते, मग खाते. तिथे झाडाची भिस्त जास्मोनिक ॲसिड आणि इथिलीन या दुसऱ्या संजीवकांवर असते. आणि सॅलिसिलिकचा जोर वाढला की जास्मोनिकचा बरेचदा दबतो. पानं खाणाऱ्या अळीला रोखायलाही जास्मोनिकच लागतं. सॅलिसिलिकच्या बाजूला चालना दिलेल्या टोमॅटोवर अळ्या जास्त पोसल्याचं प्रयोगांत दिसलेलं आहे. माझ्या फवारलेल्या ओळींतही भोकं पडलेली पानं जास्त होती.

भुरीसाठी, आणि तीही दिसायच्या आधी, ही डबी मी पुन्हा घेईन. पावडरीला पाचपैकी चार देते. डबीवरच्या मजकुराला शून्य, कारण शेजारच्या काकांनी करपा आल्यावर तो वाचून हीच डबी नेली आणि आठ दिवस बुरशीनाशक थांबवलं. त्यांचा अर्धा प्लॉट गेला.